जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक: नवी मोटर घेण्याआधी काय तपासायचं

सेंट्रल लॉक चालेनासं झालं की ॲक्सेसरीजच्या दुकानात उत्तर ठरलेलं असतं: मोटर गेली, बदलून टाकू. बदलल्यावर लॉक चालतंही. कारण बदलताना कारागीर वायर ओढतो, कनेक्टर काढून पुन्हा बसवतो, दाराच्या आतला लॉकचा रॉड (सळई) कसतो, आणि तेवढ्यात खरा दोष तात्पुरता दबतो. पहिला मोठा पाऊस झाला की तेच दार पुन्हा हटून बसतं. जुन्या गाडीत मोटर जळायच्या आधी वायर तुटते, अर्थ (गाडीच्या पत्र्याला केलेली मायनसची जोडणी) गंजतो, रॉडचा स्क्रू ढिला पडतो. तपासही त्याच क्रमाने करायचा.

इथे मुख्यतः बाहेरून बसवलेल्या किटबद्दल लिहिलं आहे. मारुती ८००, जुनी अल्टो, सँट्रो, इंडिका यांच्या साध्या मॉडेलांत कंपनीचं सेंट्रल लॉक नसे, म्हणून बहुतेकांनी ते दुकानातून बसवून घेतलं. कंपनीच्या लॉकबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

किट चालतं कसं

किटमध्ये चार मोटरी असतात. दुकानात यांना ‘गन’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. ड्रायव्हरच्या दारातली गन पाच वायरची, बाकी तीन दोन वायरच्या. दोन वायरी, बहुधा निळी आणि हिरवी, मोटर फिरवतात. पाच वायरच्या गनमध्ये आणखी तीन असतात: काळी, पांढरी, तपकिरी. त्या आतल्या छोट्या स्विचच्या. तुम्ही किल्ली फिरवली किंवा दाराच्या आतला लॉकचा खटका दाबला की रॉडबरोबर गनचा दांडा सरकतो आणि स्विच पांढरी किंवा तपकिरी वायर काळीला, म्हणजे अर्थला, टेकवतो. डॅशबोर्डखालचं युनिट हा इशारा ओळखतं आणि निळ्या-हिरव्या वायरींवर साधारण अर्धा-पाऊण सेकंद १२ व्होल्ट सोडतं. लॉक करताना एक वायर प्लस आणि दुसरी मायनस, उघडताना उलट. काम झालं की दोन्ही वायरी युनिटच्या आत अर्थवर जाऊन बसतात.

एवढं लक्षात असलं की अर्धे प्रश्न जागच्या जागी सुटतात. ड्रायव्हरचं दार किल्लीने लॉक होतं पण बाकीची हलत नाहीत? ते दार तुम्ही हाताने हलवलंत, त्यात विजेचा काही संबंध नाही; इशारा युनिटपर्यंत पोचलेला नाही. रिमोटने तीन दारं चालतात आणि ड्रायव्हरचंच चालत नाही? तिथली मोटर, तिच्या दोन वायरी किंवा रॉड. ड्रायव्हरचा खटका दाबला की बाकीची दारं उघडतात? गन बदलताना कुणीतरी इशाऱ्याच्या दोन वायरी उलट जोडल्या आहेत.

रंगांवर आंधळा विश्वास नको. दहा-बारा वर्षांत दोन-तीन हात फिरलेले असतात आणि हाताला आली ती वायर जोडलेली असते. युनिटवरच्या स्टिकरवर आकृती असते, ती खरी धरा.

हात घालण्यापूर्वी

एक काच पूर्ण खाली करा आणि किल्ली खिशात ठेवा. तपासताना युनिट कधी सगळी दारं लॉक करेल सांगता येत नाही, आणि किल्ली डॅशबोर्डवर दिसत असताना बाहेर उभं राहण्यासारखा वैताग नाही. वायर कापायची किंवा जोडायची असेल तर बॅटरीचं मायनस टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडवा.

लागणारं सामान थोडं आहे: स्टार आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सुती फडकं, सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून सांध्यावर घट्ट बसणारी नळी), पांढरं लिथियम ग्रीस. त्यात एक घरी केलेला टेस्ट लॅम्प ठेवा: इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, टोकांना चिमटे. हा बल्ब मल्टिमीटरपेक्षा जास्त खरं बोलतो. वायरीच्या आतली एकच बारीक तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ करंट घेतच नाही. बल्ब पावणेदोन ॲम्पिअर मागतो, म्हणून अशा वायरीवर तो मिणमिणतो आणि चोर पकडला जातो. शिवाय अर्ध्या सेकंदाचा झटका डिजिटल मीटरला नीट दिसतही नाही.

आधी कान लावा

गाडी शांत जागी उभी करा. कुणालातरी ड्रायव्हरचा खटका वर-खाली करायला सांगा आणि तुम्ही एकेका दाराला कान लावा.

काहीच आवाज नाही: वीज पोचत नाही, किंवा मोटर पूर्ण गेली. ‘टक्’ असा जोरकस आवाज येतो पण खटका हलत नाही: गन चालू आहे, रॉड सुटलाय. ‘खर्र’ आवाज येतो आणि दांडा जागच्या जागी: आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात गेले, ही गन मात्र बदलायचीच. आवाज दबका आणि खटका अर्ध्यावर अडकतो: व्होल्टेज कमी, किंवा लॅचमध्ये (दार अडकवून ठेवणाऱ्या कुलपाच्या यंत्रणेत) जुनं ग्रीस घट्ट बसलंय. आणि डॅशबोर्डखालून रिलेची (युनिटमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचची) कट-कट-कट लागली असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा इशाऱ्याची वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे.

चारही दारं ठप्प असतील तर

बॅटरी बंद इंजिनवर मोजा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, पुढचं नंतर. मग किटचा फ्यूज. तो बहुतेक वेळा गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये नसतो. युनिटच्या लाल किंवा पिवळ्या वायरीत एक छोटा होल्डर असतो, त्यात १० किंवा १५ ॲम्पिअरचा. फ्यूज शाबूत दिसला तरी होल्डरची पाती हिरवी पडली आहेत का बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी ३० चा टाकून ‘सुधारलं’ असं म्हणू नका. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी वायर सोलली गेली आहे, आणि ती जागा बहुधा दाराच्या बिजागरीजवळची असते.

यानंतर अर्थ. युनिटची काळी वायर डॅशबोर्डखाली एका पत्र्याच्या स्क्रूने कशीबशी अडकवलेली असते, तीही रंगावर. एक गन साधारण ३ ते ५ ॲम्पिअर घेते, चारही मिळून १५ च्या घरात. त्या गंजलेल्या स्क्रूत ०.२ ओहमचा अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि मोटरींच्या वाट्याला ९ उरतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं युनिटच्या काळ्या वायरीला लावा आणि लॉक चालवा. झटका अर्ध्या सेकंदाचा असल्याने आकडा हुकतो, म्हणून मीटरला ‘मॅक्स’ बटण असेल तर ते वापरा, नसेल तर लॉक चार-पाच वेळा चालवा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसला तर अर्थ खराब. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, वायरीला थिंबल (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) लावा, नट-बोल्टने कसा आणि वरून थोडं ग्रीस चोपडा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे दर दोन-तीन वर्षांनी बघावंच लागतं.

वीज आणि अर्थ दोन्ही ठीक असतील तर युनिटची परीक्षा. पाच वायरच्या गनकडून येणारी पांढरी वायर युनिटजवळ क्षणभर अर्थला टेकवा, मग तपकिरी. एकीने सगळी दारं लॉक, दुसरीने उघडी व्हायला हवीत. झाली तर युनिट निर्दोष, दोष ड्रायव्हरच्या दारात किंवा वाटेतल्या वायरीत. युनिट आतून ‘टक’ करतं पण निळ्या-हिरव्यावर लावलेला बल्ब पेटत नाही, तर रिलेचे पॉइंट जळलेत. ‘टक’ही नाही, तर युनिट गेलं. हे चाळीस सेकंदांचं काम आहे, आणि ते न करता युनिट बदलणारे कितीतरी निघतात.

एकच दार बंद: बिजागरीतली वायर

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो. दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरी प्रत्येक वेळी दार उघडलं की वाकतात. दिवसातून दहा वेळा दार उघडलं तर दहा वर्षांत छत्तीस हजारांवर वेळा. तांबं आतून तुटतं, वरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं राहतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. लक्षण ओळखीचं आहे: दार अर्धं उघडं असताना लॉक चालतं, पूर्ण लावलं की नाही. किंवा सकाळी चालतं, दुपारी नाही.

रबराची दाराकडची कड बोटांनी दाबून बाहेर ओढा आणि नळी मागे सारा. आता एकेक वायर दोन चिमटीत धरून हलकेच ताणा. चांगली वायर ताठ राहते. तुटलेली रबरबँडसारखी लांबते, कारण आत धरून ठेवायला तांबं नसतं. एक तुटलेली सापडली तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, सगळ्याच बदला.

जोडताना एक चूक सर्रास होते. तुटलं तिथेच सोल्डर करून टेप गुंडाळली जाते. सोल्डर वितळून तारांमध्ये झिरपतं, तेवढा भाग सळईसारखा कडक होतो, आणि महिन्याभरात वायर सांध्याच्या कडेला पुन्हा तुटते. म्हणून वाकणाऱ्या भागात सांधा नकोच. ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची, खूप बारीक तारांची मऊ वायर घ्या; एक सांधा दाराच्या आत, दुसरा खांबाच्या आत, मधला नवा तुकडा अखंड. सांधे एकाच रेषेत न ठेवता पुढे-मागे ठेवा, नाहीतर गाठोडं रबरातून जात नाही. स्लीव्ह वायरीत आधी ओवा, मग सोल्डर करा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण विसरतात सगळेच.

काही गाड्यांत रबर नसतंच. बसवणाऱ्याने पत्र्याला भोक पाडून वायर तशीच घातलेली असते आणि त्या धारदार कडेने ती सोलली जाते. भोकात रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारं कडं) बसवल्याशिवाय तिथली कुठलीही दुरुस्ती टिकत नाही.

डोअर पॅड काढणं

वायर शाबूत असेल तर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढायला लागतं. आर्मरेस्टचे आणि आतल्या हँडलच्या वाटीचे स्क्रू दिसतात. काच फिरवायच्या हँडलचा स्क्रू मात्र शोधून सापडत नाही, कारण अनेक गाड्यांत तो नसतोच; मागे तारेची एक वाकडी क्लिप असते. सुती फडकं हँडल आणि पॅडच्या फटीत दोन्ही हातांनी घाला, बूट पुसायला ओढतो तसं डावी-उजवीकडे घासत वर ओढा. फडक्याची सुतं क्लिपच्या टोकात अडकतात आणि ती टुणकन उडते. सोबतच्या कुणाला तरी तिथे ओंजळ धरायला सांगा, नाहीतर ती सीटखाली जाते. हँडल कोणत्या कोनात होतं त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

पॅडच्या क्लिपा खालच्या कोपऱ्यापासून एकेक सोडवा. स्क्रू ड्रायव्हर पॅडमध्ये नव्हे, अगदी क्लिपच्या शेजारी घाला. जुन्या पॅडचा पुठ्ठा पाण्याने फुगलेला असला तर क्लिप पुठ्ठ्यासकट हातात येते. मागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, काळ्या चिकट गोंदासकट हळू सोलून एका बाजूला दुमडा.

आता गनचा कनेक्टर काढून तिथे टेस्ट लॅम्प लावा आणि लॉक चालवा. प्रत्येक वेळी एकदा लख्ख पेटला तर वीज येते आहे, दोष गनमध्ये. पेटला नाही किंवा मिणमिणला तर पुन्हा वायरीकडे. गनची खात्री करायची तर तिच्या दोन वायरींना बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या, पण फक्त टेकवून काढायचे, एक सेकंदाहून जास्त नाही. दांडा टोकाला जाऊन अडकल्यावरही वीज चालू राहिली तर मोटर तापते आणि चांगली गनही जळते. टोकं उलटी केली की दांडा उलट सरकला पाहिजे. पूर्ण फेरा साधारण २ सेंटिमीटरचा.

रॉड आणि लॅच

गनचा रॉड मूळ लॉकच्या रॉडला दोन स्क्रूंच्या छोट्या क्लॅम्पने जोडलेला असतो. दार आपटून आपटून ते स्क्रू सैल होतात आणि रॉड क्लॅम्पमधून घसरतो. नुसते कसून भागत नाही, जागा जुळवावी लागते: खटका लॉकमध्ये दाबा, गनचा दांडा त्याच दिशेच्या टोकापर्यंत न्या, तिथून एक-दोन मिलिमीटर मागे घ्या आणि मग क्लॅम्प कसा. गनचा फेरा लॉकच्या फेऱ्यापेक्षा थोडा जास्त असतो, तो फरक दोन्ही टोकांना वाटला गेला पाहिजे. गनचा रॉड मूळ रॉडला समांतर हवा. तिरका बसला तर निम्मी ताकद दांडा बाजूला दाबण्यात जाते. मग काच पूर्ण खाली करून बघा, रॉड काचेला घासत तर नाही ना. पुढच्या दारात नंतर स्पीकर बसवले असतील तर त्यांचे लांब स्क्रू रॉडला अडतात किंवा वायरीत घुसतात, तेही तपासा.

गनला दोष देण्याआधी रॉड सोडवून खटका एका बोटाने हलवा. बोटाला जोर लागत असेल तर कुठलीही गन तो हलवणार नाही. लॅचवर केरोसीन ब्रशने मारून जुनं काळं ग्रीस धुऊन काढा, वाळू द्या, मग लिथियम ग्रीस. इंजिन ऑइल नको, त्याला धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत चिखल होतो. किल्लीच्या भोकात तर तेल अजिबात नको. ग्रॅफाइटची पूड घाला.

दार उघडं असताना लॅच तपासायचं तर त्याचा आकडा स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणा. तपासून झालं की बाहेरचं हँडल ओढून तो आकडा पुन्हा मोकळा करा. हे विसरून दार आपटलं तर ते लागत नाहीच, वर खांबावरच्या कडीलाही मार बसतो. उघड्या दारात लॉक झकास चालतं आणि लावलेल्या दारात अडतं, असं असेल तर वीज विसरा. बिजागरी झिजून दार खाली आलंय, खांबावरची कडी ढिली करून जुळवा.

लॉक होतं आणि लगेच उघडतं

हे पाच वायरच्या गनचं दुखणं. क्लॅम्पची जागा चुकली असेल तर लॉक करताना दांडा टोकापर्यंत जात नाही, लॅचची स्प्रिंग त्याला किंचित मागे ढकलते आणि आतला स्विच ‘उघडा’च्या बाजूला टेकतो. युनिट तो नवा हुकूम समजून सगळी दारं उघडतं. वर सांगितल्याप्रमाणे क्लॅम्प जुळवला की बहुतेक वेळा हे थांबतं. थांबलं नाही तर मीटर बीपवर ठेवून काळी-पांढरी आणि काळी-तपकिरी तपासा: दांडा एका टोकाला असताना एक जोडी वाजली पाहिजे, दुसऱ्या टोकाला दुसरी. दोन्ही एकदम वाजल्या किंवा वाजतावाजता तुटल्या तर आतले पॉइंट गेले. पाच वायरची नवी गन घ्या.

अनेक गाड्यांत ड्रायव्हरचा खटका दाबून, हँडल न उचलता दार लावलं की खटका आपोआप वर येतो. किल्ली आत राहू नये म्हणून ती सोय मूळ लॉकमध्येच असते. त्याला बिघाड समजून दाराचं पॅड खोलू नका.

रिमोट

किल्लीने सगळं चालतं आणि रिमोटने नाही, तर आधी रिमोटमधला सेल. जुन्या अलार्मच्या रिमोटमध्ये १२ व्होल्टचा छोटा नळीसारखा सेल असतो, २३ए किंवा २७ए. दोघांची जाडी वेगळी, जुना बरोबर न्या. उलट, लॉक स्वतःहूनच चाळे करत असेल तर अलार्म युनिटचा कनेक्टर काढून दिवसभर गाडी वापरा. चाळे थांबले तर दोष अलार्मकडून, नाहीतर सेंट्रल लॉककडून.

एक तक्रार नेहमीची: रिमोटने उघडून आत बसलं की अर्ध्या मिनिटात दारं पुन्हा लॉक. बऱ्याच अलार्ममध्ये अशी सोय असते की उघडल्यावर कुणी दार उघडलंच नाही तर गाडी परत लॉक करायची. दार उघडल्याची खबर त्याला दाराच्या चौकटीतल्या, छतावरचा दिवा लावणाऱ्या बटण-स्विचमधून मिळते. तो गंजला की अलार्मला वाटतं दार बंदच आहे. त्या दाराने छतावरचा दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर एका स्क्रूवरचा तो स्विच काढा, पॉलिश पेपरने घासा, परत बसवा.

कंपनीचं लॉक असेल तर

तत्त्व तेच: बॅटरी, फ्यूज, बिजागरीतली वायर, मग मोटर. फरक एवढा की अनेक गाड्यांत मोटर लॅचच्या आतच असते आणि पूर्ण लॅच बदलावं लागतं. फ्यूज गाडीच्या बॉक्समध्ये, झाकणावरच्या यादीप्रमाणे. वायरींचे रंग मात्र किटसारखे नसतात. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली आकृती हातात असल्याशिवाय कुठलीही वायर अर्थला टेकवून बघायचा प्रयोग इथे करू नका.

बंद करताना

काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं, तशीच रचना असते. ते दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर जायचं असतं. ती भोकं चिखलाने बुजली की पाणी साचतं आणि गन त्या दमटपणात गंजते. तारेने भोकं मोकळी करा. गन बसवताना दांड्याचं रबरी टोपण फाटलेलं नाही ना बघा आणि कनेक्टर असा बांधा की वायर आधी खाली उतरून मग वर जाईल, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी कनेक्टरमध्ये न शिरता खालच्या वळणावरून ठिबकेल. प्लॅस्टिकचा कागद जुन्याच गोंदावर दाबून चिकटवा. गोंद वाळला असेल तर ब्यूटाइल टेप लावा. कागद फाटका राहिला तर पॅड भिजतं आणि पायाखालची मॅट ओली होते.

पॅड लावण्याआधी काचेवर मग भरून पाणी ओता. खालून धार लागली पाहिजे. मग ओल्या दारातच लॉक वीस वेळा चालवा, दार उघडं ठेवून दहा आणि लावून दहा. तोवर सुरुवातीला खाली केलेली दुसऱ्या दाराची काच खालीच असू द्या.